तीन पाण्यांनी धुतलेली ज्वारी

पहूर, ता. जामनेर
९ ऑक्टोबर १९७२

सुरेश,

‘चिरंजीव’ लिहायला हात धजत नाही आणि ‘अनेक आशीर्वाद’ लिहिले तर ते खोटं होईल, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. घरात आपण मारवाडी बोलायचो, पण भांडायचो मात्र शाळेतल्या मराठीत. आज भांडायचंच आहे, तेव्हा मराठीत लिहिते.

तुझं क्षमापनेचं पत्र पोचलं, संवत्सरी उलटून तीन आठवडे झाल्यावर. चार वर्षांत एक ओळ नाही, आणि आता एकदम ‘कळत-नकळत मन दुखावलं असल्यास मिच्छामि दुक्कडम्’. नकळत म्हणे! बाबूजींनी तुला आधी धुळ्याला शिकायला ठेवलं, मग मुंबईला ढोरांचा डॉक्टर व्हायला पाठवलं. कशासाठी? तर आजोबांनी काढलेल्या पांजरापोळात लंगडी गाय, आंधळी म्हैस बघायला घरचं माणूस असावं म्हणून. आणि तू कॅनडात जाऊन बर्फावर मेलेल्या प्राण्यांची पोटं फाडायला लागलास. ओसवालांच्या घरात असा दिवटा दुसरा झाला नाही.

वर पत्रासोबत फोटो! पांढऱ्याशुभ्र लोकरीचं सीलचं पिल्लू, काळेभोर डोळे. मागे लिहिलंस, ‘जीजी, हा मासा नव्हे. याची आई याला दूध पाजते.’ म्हणजे दुधावर वाढलेल्या जिवाला कापतोस हे मला मुद्दाम कळवायचं होतं का? तू म्हणतोस, मारतात तिथले लोक, त्यांच्या पोटासाठी, मी फक्त त्यांच्याकडून यकृताचा तुकडा मागून घेतो. खाटकाच्या दारात उभा राहणारा आणखी वेगळं काय म्हणतो?

बाबूजींनी फोटो पाहिला नाही. पत्र आलंय म्हटलं तर म्हणाले, “कुणाचं? त्याच्या नावाने मी केव्हाच आंघोळ केली.” आणि दुकानात जाऊन बसले. दुकानात तरी यंदा काय आहे! पाऊस नाही, पेरण्या झाल्या नाहीत, बी-बियाण्याच्या दुकानात कोण येणार? लोक गुरं सोडून देताहेत. पांजरापोळात चाळीस जनावरांची सोय आहे आणि आज तिथे दीडशेच्या वर उभी आहेत. सकाळी फाटक उघडलं की बाहेर कुणीतरी दोन-तीन बांधून गेलेलं असतं.

मी अमळनेरहून पांढरं कपाळ घेऊन परत आले तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. तुझे पाढे मी घेतले, तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. तेवढ्या हक्काने एक विचारते. गेल्या महिन्यापासून आपल्या गाई झोकांड्या खातात. चालताना मागचे पाय एकमेकांत अडकतात. चारा तोंडाशी नेला तरी दिसत नसल्यासारख्या हवेत तोंड घालतात. ती तांबडी खिल्लार आठवते? ती भिंतीला कपाळ लावून दिवसभर भिंत ढकलत उभी असते. काल दोन गेल्या. जामनेरहून ढोरांचे डॉक्टर आले होते, ते म्हणाले दुष्काळी अशक्तपणा आहे, पेंड द्या. पेंड द्या! कडबा मिळत नाही आणि हे पेंड सांगतात.

तानुबाई तुला माहीत नाही. ती शिरपूरकडची, दोन वर्षांपासून मुलगा कौतिक आणि सून लता यांच्यासह पांजरापोळातच राहते आणि गुरांचं सगळं बघते. ती म्हणते, “अक्का, हाई भूकनं दुखनं नही शे. भूकेलं ढोर बसस, हाई ते नाची राहिनं.” मलाही तसंच वाटतं. तू शिकला आहेस असं ऐकते. काही उपयोग असला तर कर.

चंद्रकांता


पहूर
२१ नोव्हेंबर १९७२

सुरेश,

तुझं पाच पानांचं पत्र मिळालं. त्यात दोन पानं प्रश्न आणि तीन पानं सील. बहिणीची प्रकृती कशी आहे याला एक ओळसुद्धा नाही, तर नाही.

तुझा पहिलाच प्रश्न वाचून मला राग आला. ‘जनावरांना पेरणीचं बियाणं खायला घातलं का? लाल-गुलाबी रंगाचं, पाऱ्याची पावडर चोळलेलं?’ अरे, तुला काय वाटतं, आम्ही इथे सगळे अडाणी बसलो आहोत? श्रावणात कुणीतरी एक पोतं ज्वारी दान दिली होती, ती बियाण्याची होती. चांगली धुऊन घातली. रंग सगळा गेला होता. एकदाच दिली आणि संपली. आता हा विषय पुरे.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं तसा तुला जिकडे तिकडे पारा दिसतो. तरी तुझी तीन पानं मी दोनदा वाचली, हे कबूल करते. जिथे शेत नाही, गिरणी नाही, धुराडं नाही, चार-चार महिने सूर्य नाही, तिथल्या सीलच्या यकृतात पारा कुठून आला? तू म्हणतोस वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, कुठल्या कुठून. पाण्यातल्या बारक्या जिवात कणभर, त्यांना खाणाऱ्या माशात त्याहून जास्त, मासे खाऊन जगणाऱ्या सीलमध्ये त्याच्या कितीतरी पट, आणि सीलवर जगणाऱ्या पांढऱ्या अस्वलाच्या वाट्याला सगळ्यांचं मिळून. अंगातून तो लवकर जात नाही, साठत राहतो, आणि मेंदूत शिरला की डोळे, तोल, ऐकणं एकेक करून नेतो. गाभण मादीकडून तो पोटातल्या पिल्लाकडे जातो. पिल्लाची ती पांढरी लोकर आईच्या पोटातच उगवलेली असते, म्हणून आईने काय खाल्लं ते पिल्लाच्या लोकरीत सापडतं. हे मात्र मी तानुबाईला वाचून दाखवलं. तिने फोटो माझ्या हातातून घेतला आणि पिल्लाच्या लोकरीवरून बोट फिरवलं.

आणि तिथल्या त्या म्हातारीने तुला विचारलं, ‘सील खाऊ नको म्हणतोस, मग बर्फ खाऊ का?’ बरं विचारलं तिने. सांगणाऱ्याचं काय जातं!

आता इकडचं ऐक. मेलेल्या गाईचं यकृत काढून औषधाच्या पाण्यात घालून पाठव, असं तू लिहिलंस. विश्वस्तांपुढे मी ते वाचलं. रतिलालकाकांनी तोंडाला उपरणं लावलं. “पांजरापोळात सुरी? चंदाबाई, हे तुमच्या तोंडून ऐकायची वेळ आली!” गाई गेल्या की मीठ घालून, फुलं वाहून पुरायच्या, आणि कशाने गेल्या हे विचारायचं नाही. काका म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबूजींनी दानाची वही मिटली. मी घरी येऊन भांडी आपटली. सुरी चालत नाही म्हणे, पण आठवड्याला दोन खड्डे चालतात.

म्हणून तू सुचवलेला दुसरा मार्ग धरला. केस कापायला काही हिंसा होत नाही. तीन गाईंच्या शेपटीचे केस कातडीलगत कापून मुळाकडच्या बाजूला लाल दोरा बांधला आहे. तू म्हणतोस केस महिन्याला अर्ध्या इंचाच्या मानाने वाढतो आणि कुठल्या महिन्यात अंगात काय होतं ते त्यात राहून जातं. बघ वाचता येतं का. गुरांजवळ राहणाऱ्या माणसांचेही पाठव म्हणालास म्हणून लताचे घेतले आहेत, पांढऱ्या दोऱ्याचे. तिला सहावा महिना चालू आहे. हिरव्या दोऱ्याचे माझे आहेत, शुद्ध केस कसे असतात ते ताडून बघायला. मी सूर्यास्तानंतर खात नाही, कंदमुळं खात नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. माझ्या केसांत तुला काही मिळायचं नाही.

पांजरापोळाचं दूध बंद करा असं तू दोनदा अधोरेखित केलंस. केलं. आठ-दहा गाई अजून आटल्या नव्हत्या, त्यांचं लताला रोज एक तांब्या मिळत होतं. का बंद केलं म्हणून ती विचारू लागली, तर मी सांगितलं गाईंना ताप आहे. तिचं तोंड एवढंसं झालं. मी तिला म्हटलं, त्याऐवजी भाकरी दोन घास जास्त खात जा.

थंडी पडली आहे. तुझ्याकडच्या थंडीपुढे ही काय म्हणा.

जीजी


पहूर
४ फेब्रुवारी १९७३

सुरेश,

तुझी तार २३ जानेवारीला आली आणि पत्र परवा. तार आधी पोचली म्हणून बरं.

पत्रात तू रागावला नाहीस. रागावला असतास तर मला उलट उत्तर देता आलं असतं. तू नुसतं लिहिलंस, ‘जीजी, गाईंच्या केसांत ऑगस्टपासून पारा आहे आणि थेट मुळापर्यंत आहे. म्हणजे केस कापले त्या दिवशीही ती ज्वारी चालूच होती. एकदाच दिली हे खरं नाही. लताच्या केसांत गाईंपेक्षा जास्त आहे. आणि तुझ्याही केसांत आहे. जीजी, ज्वारी धुतली कुणी?’

मी धुतली.

आता सगळं लिहिते. मध्ये कुठे माझी बाजू सावरायला लागले तर ते वाक्य तू खोडून टाक.

ज्वारी आपल्याच दुकानची. संकरित बियाण्याची चाळीस पोती जूनमध्ये आली आणि पाऊस आलाच नाही. कंपनी माल परत घेईना. धान्य फेकायचं कसं? आपल्यात ताटात दाणा उरला तर ताट धुऊन पितात. तेवढ्यात श्रावणात आईची तिथी आली. बाबूजी म्हणाले, पांजरापोळात गुरं उपाशी आहेत, तिच्या नावाने त्यांना दाणा घालू, याहून मोठी जीवदया कुठली? पोत्यावर कवटीचं चित्र होतं, ते मी पाहिलं होतं. कंपनीच्या माणसाला विचारलं, तर तो पान चघळत म्हणाला, किडीची पावडर आहे बाई, दोन-तीन पाण्यांनी धुतली की काही राहत नाही. त्याचं तोंड अजून डोळ्यांपुढे आहे. त्याने ते एवढ्या सहज सांगितलं, आणि मी तेवढ्याच सहज ऐकलं.

तांब्याच्या घंगाळात मी रोज दोन पायल्या ज्वारी धुवायची, तीन पाण्यांनी. पाणी आधी दुहेरी फडक्याने गाळून घ्यायची, त्यातले सूक्ष्म जीव मरू नयेत म्हणून. फडक्यात अडकलेल्या जिवांचं पाणी, ते जीवाणी, परत विहिरीत नेऊन सोडायची. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांना एवढं जपणारी बाई मी! धुवणाचं पाणी गुलाबी व्हायचं. एरवी ते मोरीत गेलं असतं, पण दुष्काळात पाणी कोण ओतून देतं? ते मी गुरांच्या हौदात घालायची. माझे हात चार-चार दिवस गुलाबी राहायचे. तानुबाई थट्टेने म्हणायची, अक्काच्या हाताला मेंदी रंगली.

आणि तुझ्या पाच पानांच्या पत्रातला तो रंगाचा प्रश्न वाचला ना, तेव्हाच मला कळलं होतं. तुला राग आल्याचं लिहिलं, ती भीती होती. मी काय केलं ठाऊक आहे? ज्वारी बंद नाही केली. तीनाची पाच पाणी केली. बाबूजी रोज संध्याकाळी विचारायचे, “आज तुझ्या आईच्या नावाचं किती जनावरांनी खाल्लं?” त्यांना काय सांगू, की तिच्या नावाने आपण विष वाढतोय? आणि खरं सांगू का, त्याहून मोठं कारण वेगळंच होतं. ज्याला आम्ही कसाई म्हणून घराबाहेर काढलं तो बरोबर, आणि पाणी गाळून पिणारी मी चूक, हे मला सहन होईना. म्हणून एकशे साठ जनावरं पणाला लावली. त्यातली सेहेचाळीस आजवर गेली.

आता लताचं. तुझी तार होती, ‘लताचं जेवण तपासा, ज्वारी थांबवा.’ मी तशीच पायात काही न घालता पांजरापोळात गेले. तानुबाई भाकरी थापत होती. पांढरीशुभ्र भाकरी. काटवटीशेजारी टोपली, टोपलीत माझ्या हातची धुतलेली ज्वारी. मी तवा उलटा केला. ती घाबरून म्हणाली, “अक्का, चोरी नही शे. थोडीच लेतूत. ढोरसले चालस, ते आमले चालनार नही का?”

मी म्हटलं, “तानुबाई, त्यात विष आहे.”

तिने हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, “तुले माहीत व्हतं?”

मी मान खाली घातली.

“तुले माहीत व्हतं, तरीबी माले सांगं नही? तू दूध बंद करं, तवय पोर बिचारी भाकरच खाये. तूच सांगं व्हतं ना तिले, दोन घास जास्त खाय!”

लता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. पोटावर पदर ओढून आत गेली.

चोरीचा आळ येईल म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही, आणि बाबूजींच्या दानाला बट्टा लागेल म्हणून मी त्यांना सांगितलं नाही. पण त्यांच्या लपवण्याला भूक होती. माझ्या लपवण्याला काय होतं?

त्याच दुपारी मी विश्वस्तांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. रतिलालकाका काय म्हणाले असतील? “झालं ते झालं. बाहेर बोलू नका. उद्या पांजरापोळाला दान कोण देईल?” मी आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्यांवर ओरडले. म्हटलं, काका, तुमची जीवदया गाईपर्यंत येऊन का थांबते? लताचा जीव कुठल्या वहीत धरता? तिच्या पोटातला कुठल्या? तर म्हणे, चंदाबाईंचं डोकं फिरलं आहे, यांना घरी न्या.

बाबूजी उठले. मला वाटलं मलाच हाताला धरून नेतील. ते तसेच कोठीवर गेले. उरलेली नऊ पोती बैलगाडीत घालून घेतली आणि विहिरीपासून लांब, तू सांगितलंस तसा खोल खड्डा करवून, स्वतः उन्हात उभं राहून पुरवली. येताना वाटेत एकच वाक्य बोलले, “आपां ओ कांई कर दियो, बाई.” ‘आपण हे काय केलं’ म्हणाले; ‘तू काय केलंस’ असं म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

काल खिल्लार गेली. सरकारी माणसं केसांवर विश्वास ठेवत नाहीत, त्यांना आतला तुकडा लागतो. बाबूजींनीच जामनेरच्या डॉक्टरांना बोलावलं आणि सांगितलं, “कापा.” रतिलालकाका फाटकाबाहेर निघून गेले. बाबूजी गाईच्या डोक्याशी मांडी घालून बसले आणि संपेपर्यंत नवकार म्हणत राहिले. एकदाही मान वळवली नाही. यकृताच्या तुकड्याची बाटली आज जळगावला सरकारी तपासणीला गेली. घरी आल्यावर आंघोळ करून त्यांनी विचारलं, “तो सीलचा फोटो कुठे आहे?” मी दिला. बघितला आणि पंचांगात ठेवून दिला.

तू विचारलंस, तुला स्वतःला काय होतंय? बोटांना मुंग्या येतात. तेवढं तर व्हायलाच हवं.

जीजी


पहूर
२ सप्टेंबर १९७३

चि. सुरेश यास,

काल संवत्सरी झाली. रतिलालकाकांनी छापून घेतलेली क्षमापनेची कार्डं गावभर वाटली, लताच्या घरीसुद्धा एक टाकलं. तिला वाचता येत नाही. मी यंदा कुणालाच कार्ड पाठवलं नाही. ज्याची क्षमा मागायची त्याच्या दारात जाऊन उभं राहायला धीर होत नाही, म्हणून माणसांनी कार्डं काढली असावीत.

जळगावहून बाटलीचं उत्तर अजून नाही. पाच वेळा लिहिलं. मागच्या आठवड्यात मी स्वतः गेले, तर टेबलामागचा गृहस्थ म्हणाला, दुष्काळात लाखो गुरं गेली, तुम्ही चाळीस-पन्नासांचं काय घेऊन बसलात? आणि ती पावडर यंदाही आली आहे, सुरेश. तेच पोतं, तीच कवटी, तोच पान खाणारा माणूस. यंदा पाऊस आहे, म्हणून दुकानं भरली आहेत. आपल्या दुकानात बाबूजींनी एक पोतं घेतलं नाही. शेजारच्याने घेतलं. मी बाजाराच्या दिवशी त्याच्या ओट्याखाली उभी राहते आणि बियाणं नेणाऱ्या प्रत्येकाला सांगते, बाबा रे, पेर, पण उरलं तर धुऊन खाऊ नको, ढोराला घालू नको, बायकोला हे सांग. लोक हसतात. शेजारी म्हणतो, मांगीलालजींच्या लेकीला खूळ लागलं. लागू दे. बायका मात्र थांबून ऐकतात.

लताला मार्चमध्ये मुलगी झाली, हे तुला कळवलं होतं. मुक्ता नाव ठेवलं. ती आता सहाव्या महिन्यात आहे. मान धरत नाही. दिवा डोळ्यांपुढून नेला तर बुबुळं कधी फिरतात, कधी नाही. पोटाला गुदगुल्या केल्या की हसते, अगदी खळखळून. जळगावचे डॉक्टर म्हणाले, वाट बघा. बाबूजी रोज सकाळी तिला बघायला जातात आणि तिच्या उशाशी टाळी वाजवून बघतात. वळली तर दिवसभर बोलतात. नाही वळली तर जेवत नाहीत.

जानेवारीपासून लता माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी धान्य पोचवायची, ती घ्यायची. मी दूध न्यायची, बाहेरगावच्या म्हशीचं, ती आधी माझ्यासमोर मला एक घोट प्यायला लावायची आणि मग आत न्यायची. मी रोज प्यायले.

गेल्या महिन्यात जावळ काढायचं ठरलं. पाचवा महिना चालतो. तू तिकडचा झालास, म्हणून आठवण करून देते, जावळाला मामाची मांडी लागते. न्हावी वस्तरा परजून बसला आणि म्हणाला, मामा कुठे आहे? लताला भाऊ नाही. तानुबाईने कौतिककडे पाहिलं, कौतिकने जमिनीकडे. तेव्हा लता पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न बघता. “अक्का, तुना भाऊ शे ना. तेन्हा नाववर तू बस.”

मी बसले. सुरेश, ते डोकं माझ्या तळहातावर भारी पडत होतं. मान सावरत नाही म्हणून सगळा भार हातावर येतो. याच हातांनी मी ज्वारी धुतली होती.

जावळ देवीला वाहायचं असतं. तानुबाईने ते परातीत धरलं आणि तशीच थांबली. म्हणाली, “देवले काय देतस? देव काय केस वाची दाखाडस? तुना भाऊले दे.” लताने होकाराची मान हलवली. वस्तरा लावण्याआधी मी कातडीलगत एक बट कापून वेगळी ठेवली होती, ती आता या पाकिटात आहे. मुळाकडे लाल दोरा बांधला आहे, तू शिकवलास तसा. बाबूजींनी पाकिटावर तुझा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर बघ, कापरं आहे, पण त्यांचंच आहे.

केस जेमतेम साडेतीन इंच आहेत. टोकाकडचे आईच्या पोटातले आहेत, तुझ्या त्या पिल्लाच्या पांढऱ्या लोकरीसारखे. तिथे तुला काय सापडणार हे मला माहीत आहे. तिथे माझे हात सापडतील. ते कमी करून लिहू नकोस, मी बहीण आहे म्हणून तर मुळीच नको. मोठ्या अक्षरात लिही. मी ते लताला वाचून दाखवणार आहे, मग रतिलालकाकांना, मग जळगावच्या त्या टेबलासमोर उभी राहून.

मुळाकडचे मात्र जन्मानंतरचे आहेत. ते आधी बघ. स्वच्छ निघाले तर पत्र लिहीत बसू नकोस, तेवढं तारेने कळव. तार मामाच्या नावाने कर, म्हणजे लता हातात घेईल.

तुझी जीजी